पूर्वेच्या चराचं पाणी

भन्तेजींना दुपारी बाराच्या आत वाढायचं होतं, म्हणून बेबीनंदाच्या घरात पहाटेपासून चूल आणि गॅस दोन्ही पेटले होते. चैत्र पौर्णिमा होती. वीज प्रकल्पासाठी डोंगरावरचं गाव उठून पायथ्याच्या या वसाहतीत आल्याला अडीच वर्षं झाली, पण नव्या विहारातलं भोजनदान आजच पहिलं. आणि ते आपल्या घरून व्हावं हे तिनं गेल्या पावसाळ्यातल्या वर्षावासापासून मनाशी धरून ठेवलं होतं. पांढरं लुगडं नेसून, उजाडतानाच अष्टशील, म्हणजे दिवसभर पाळायचे आठ नियम, घेऊन ती खिरीपाशी बसली होती. हात चालत होता. जीव मात्र आठ दिवसांपासून ठिकाणावर नव्हता.

ओसरीवर तिचे थोरले भाऊ देवानंद गुरुजी बसले होते. पहिल्या एसटीनं वाटूरहून आले होते. शाळा सुटून नऊ वर्षं झाली तरी समोर कोणी सापडलं की परीक्षा घ्यायची सवय सुटली नव्हती. आज मिथुन सापडला होता. सातची मोजणी करून तो प्रकल्पावरून नुकताच आला होता. हेल्मेट अजून मांडीवर होतं.

"मंग मला बराबर समजावून सांग, भाचेबुवा. खालच्या तलावातलं पाणी वर चढवायचं, तेच पाणी पुन्हा खाली सोडायचं. अन् ह्याला तुम्ही वीज म्हणता?"

"हो मामा."

"चढवायला वीज लागती का न्हाई?"

"लागते. शंभर युनिट घातले तर अठ्ठ्याहत्तर परत येतात."

"म्हंजी बावीसचा घाटा! असं गणित मांडणाऱ्याला मी बाकावर उभं करीत होतो."

मिथुन हसला. "दुपारी उन्हाची वीज इतकी येते मामा, घ्यायला गिऱ्हाईक नसतं. ती घेऊन पाणी वर नेऊन ठेवायचं. दिवस मावळला, घरोघर दिवे-पंखे लागले, की तेच पाणी बोगद्यातून खाली सोडायचं. एकशे चाळीस मीटर. चाक एकच. उलटं फिरलं की पाणी ढकलतं, सुलटं फिरलं की वीज देतं. हा पैदा करायचा धंदा न्हाई, साठवायचा हाय."

"कणगीवानी."

"कणगीच. पण अजून भरायची हाय."

नवा तलाव एका दमात भरत नाहीत, हे मग त्यानं मामाला सांगितलं. वरचा तलाव म्हणजे माळावर चारी बाजूंनी घातलेला मातीचा बांध. दोन मीटर पाणी चढवायचं, थांबायचं, बांधातून किती झिरपतं ते मोजायचं, मग पुढचे दोन मीटर. झिरपा गोळा करायला बांधाच्या पोटाखालून दोन चर काढले आहेत, एक पूर्वेचा, एक पश्चिमेचा. दोन्ही मिळून पाणी एका हौदात येतं. हौदाच्या तोंडाला लोखंडी पत्रा, पत्र्याला त्रिकोणी खाच. खाचेतून पाणी किती उंच वाहतं ते पट्टीवर वाचलं की हिशोब लागतो; पुढं ते पाणी नाल्यात जातं. ते वाचायचं काम मिथुनचं.

"महिनाभरात पट्टी हलली न्हाई मामा. साहेब म्हणाले, असा बांध त्यांनी पाह्यला न्हाई. आज अकराला पंप सुरू होतोय. चौदावरनं सोळा मीटर. मंग एकच पायरी राहते."

आत बेबीनंदाचा पळीवरचा हात थांबला. 'पट्टी हलली नाही' हे शब्द तिनं ऐकले आणि खीर तळाला लागते आहे हे तिला कळलंच नाही. जळका वास आला तशी सून सुमेधा धावत आली.

"आत्याबाई! लक्ष कुठं हाय तुमचं?"

"कुठं न्हाई," असं ती म्हणणार होती. पण ते खोटं झालं असतं. ती गप्प राहिली.

गप्प राहणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे, अशी समजूत तिनं स्वतःची दीड महिना घालून ठेवली होती.

*

मिथुन पाणी प्यायला आत आला तेव्हा सुमेधा घागरीत तुरटी फिरवत होती. आणखी दोन घागरी तुरटी फिरवून झाकून ठेवलेल्या. त्यानं एकीवरचं झाकण काढलं, वरचं निवळ पाणी तांब्यात घेतलं आणि सहज तळाकडे पाहिलं.

तळाला बोटभर गाळ होता.

त्यानं उरलेलं पाणी मोरीत ओतलं. गाळ बोटावर घेतला, चोळला. रेतीची करकर लागली नाही. लोण्यासारखा चिकट होता. बांधाचं काम चाललं तेव्हा तो सव्वा वर्ष माती तपासायच्या खोलीत कामाला होता. दिवसभर एकच काम: ओल्या मातीचे काचेवर दोरे वळायचे. तुटला तर माती परत पाठवायची, तगला तर ती बांधाच्या गाभ्यात जायची. त्यानं ओट्यावर तळहातानं गाळ घोळला. काडीएवढा बारीक दोरा वळला गेला. तुटला नाही.

"हे पाणी कुठलं?"

"टँकरचं," सुमेधा म्हणाली. तुरटी फिरवणं तिनं थांबवलं नव्हतं.

"टँकर कधी आल्ता?"

"आल्ता मागच्या मंगळवारी. का?"

"टँकरच्या पाण्यात रेती येते. ही चिकण माती हाय. अशी माती ह्या भागात एकाच ठिकाणी हाय, सुमेधा, बांधाच्या पोटात. आपल्याच वावरातनं नेलेली."

सुमेधानं वर पाहिलं नाही. मिथुन आईकडे वळला. बेबीनंदा करपलेली खीर वरच्या वर दुसऱ्या पातेल्यात काढत होती.

"आई?"

"बाळा, मला विचारू नको," ती हळूच म्हणाली. "विचारलंस तर सांगावं लागंल."

तेवढ्यात मागच्या दारानं राजानंद आला. काखेत पत्रावळींचा गठ्ठा, कपाळावर घाम, तोंडावर हसू. मिथुनचा बाप गेला तेव्हा मिथुन सहावीत होता; तेव्हापासून या चुलत्यानं त्याला वडीगोद्रीच्या शाळेपासून जालन्याच्या आयटीआयपर्यंत पोचवलं होतं. आता दोघं एकाच प्रकल्पावर. पुतण्या मोजणीवर, चुलता चर आणि झाकणं साफ ठेवणाऱ्या टोळीत.

"काय वहिनी, खीर लागली वाटतं. भन्तेजी म्हणतील, यांच्या घरी धूर बी जेवायला—" आणि ओट्यावरचा दोरा पाहून तो थांबला.

"काका," मिथुन म्हणाला, "पूर्वेच्या चराचं झाकण उघडून तुम्ही मला दर शुक्रवारी सांगता, बघितलं, बराबर हाय. काय बघितलं?"

राजानंदनं गठ्ठा खाली ठेवला. त्यानं सुमेधाकडे पाहिलं, सुमेधानं त्याच्याकडे. या घरात आपल्याला न कळता बरंच काही ठरलेलं आहे, हे मिथुनला त्या एका नजरेत कळलं.

"पाइप टाकला हाय," राजानंद म्हणाला. "झाकणाखाली. पूर्वेचं सगळं पाणी वसाहतीच्या टाकीत येतं. सांडलेलं गुरांच्या हौदात, तिथनं भाजीच्या वाफ्यांत. दीड महिना झाला."

"खाचेवर काय येऊन राह्यलंय मंग?"

"पश्चिमेचं."

"म्हंजी मी महिनाभर अर्ध्याच बांधाचं पाणी मोजत होतो." मिथुनचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "अन् नोंदवहीत पूर्वेच्या चरापुढं लिहीत होतो, पाहिले. माझ्या सहीनं."

"तुला सांगितलं असतं तर तू होऊ दिलं नसतं," सुमेधा म्हणाली. आता तिनं तुरटी खाली ठेवली होती. ती वसाहतीच्या अंगणवाडीत शिकवत होती. बायांच्या बचत गटाची सचिवही होती. "टाकी बांधून दिली, नळ दिले, पाणी न्हाई दिलं. बोअर कोरडा गेला. तीन अर्ज मी माझ्या हातानं लिहिले. आठव्या दिवशी टँकर अन् घरटी सहा घागरी. त्या नाल्यात पाणी फुकट वाहत होतं, अहो. तुमच्या डोळ्यासमोर!"

"खाचेच्या खालून घ्यायचं होतं! मोजून झाल्यावर!"

"तिथनं उतार राहत न्हाई," राजानंद म्हणाला. "टाकीत चढत न्हाई. मी लेव्हल लावून पाह्यली होती."

भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून आठ मिनिटं झाली होती. मिथुननं नियंत्रण कक्षाला फोन लावला. अण्णासाहेब, म्हणजे प्रकल्पाचे मुख्य अभियंता, पंपाच्या चाचणीसाठी यंत्रघरात उतरले होते. यंत्रघर जमिनीच्या पोटात सत्तर मीटर खाली. तिथं मोबाइल लागत नव्हता. निरोप पाठवतो, त्यांच्या हुकमाशिवाय पंप थांबवता येत नाही, ते खालच्या फोनवरून करतील, असं कक्षातला माणूस म्हणाला.

"जल्दी सांगा," मिथुन म्हणाला. "बिलकुल जल्दी."

*

फोन येईपर्यंत कोणी बसलं नाही. राजानंद दाराच्या चौकटीला टेकून उभा होता. घरातली माणसं आज त्याला अनोळखी वाटत होती. दीड महिना तो या वसाहतीत मान वर करून फिरला होता. वसाहतीतल्याच रहिमुन्निसाबीनं त्याला भाऊ म्हणून ईदचा शीरखुर्मा पाठवला होता. आपण चोरी केली असं त्याला एकदाही वाटलं नव्हतं. बांधातलं पाणी आपलं, माळ आपला, मातीसुद्धा आपली. पण पाण्यातून मातीच चालली असेल तर? हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. परवा पाणी वाढलं, एका पाइपात मावेना, तेव्हा तो खुश झाला होता. दुसरा पाइप टाकला होता. कालपासून गढूळ आलं तर म्हणाला, तुरटी फिरवा.

"बांध फुटंल का रे?" त्यानं विचारलं.

"आज फुटंल असं न्हाई," मिथुन म्हणाला. "निवळ पाणी झिरपलं तर चालतं, सगळेच बांध झिरपतात. पण गढूळ आलं म्हंजी पाणी आतली माती घेऊन येतंय. माती गेली की वाट मोठी. वाट मोठी झाली की आणखी माती. अन् त्याच्यावर आज दोन मीटर पाणी चढवतील. पूर्वेला खाली कोण हाय, काका? आपणच हाव."

देवानंद गुरुजी इतका वेळ चष्मा पुसत होते. त्यांनी तो डोळ्यांवर चढवला.

"ऐका माझं. पंप थांबलाच पाहिजे, त्यात वाद न्हाई. पण त्याच्यासाठी घर बुडवायचं कारण न्हाई. राजानंद, तू मोटारसायकलवर जा. पाच-दहा मिनिटांत दोन्ही पाइप उपसून नाल्याच्या झाडीत टाक. खाचेवर पाणी आपोआप वाढंल. मिथुननं सांगायचं, आत्ता वाढलं. आज वाढलं. पंप बी थांबला, बांध बी वाचला, अन् दोघांची भाकर बी वाचली."

सगळ्यांच्या मनात होकार भरायला लागला होता. सुमेधानं पदराचं टोक दातात धरलं. राजानंदनं खिशातली किल्ली चाचपली. किती सोपं होतं! वहिनी मान खाली घालून बसली होती, तिच्याकडे पाहायचं त्यानं टाळलं.

"मामा, तसं चालत न्हाई," मिथुन म्हणाला, पण त्याचा स्वर घट्ट नव्हता. "कधीपासून वाढलं त्याच्यावर भोक कुठं हाय ते ठरतं. आज वाढलं म्हटलं तर साहेब समजतील, चौदा मीटरच्या जवळपास हाय. एक-दीड मीटर उतरवून थांबतील. अन् भोक त्याच्या खाली असलं, तर पाणी त्याच्यावर उभंच राहणार. आत माती जातच राहणार."

"मंग परवा म्हण," राजानंद म्हणाला. "दुसरा पाइप परवा टाकला. वाढल्याचं मला परवाच दिसलं."

"परवा बी पाणी चौदावरच होतं."

"मंग एकच झालं की! आज काय अन् परवा काय." गुरुजींनी हात झटकला. "आज म्हण."

फोन वाजला. मिथुननं तो लाउडस्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवला, वाळत चाललेल्या त्या मातीच्या दोऱ्याशेजारी.

"बोल मिथुन." मागून यंत्राची घरघर येत होती. "चाक आत्ता हवेत फिरायला घेतलंय. गती आली की दहा मिनिटांत पाणी घेईल. काय तातडी आहे?"

"सर, पाणी घेऊ देऊ नका. पूर्वेच्या चरातून झिरपा वाढलाय. गढूळ येऊन राह्यलंय."

"सकाळी तू सव्वाचार लिटर लिहिलंस."

"ते बराबर न्हाई सर."

अण्णासाहेबांचा आवाज फोनपासून लांब गेला: "बंद करा! बंद! पाणी घ्यायचं नाही." घरघर उतरत गेली, मोठ्या जात्यावरचा हात काढून घ्यावा तशी. ते पुन्हा फोनवर आले.

"थांबवलं. आता विचार करून उत्तर दे. वाढायला लागलं तेव्हा तलावात पाणी किती होतं? मला आत्ता ठरवायचंय, किती उतरवायचं. कधीपासून वाढलंय?"

गुरुजींनी एक बोट वर केलं. आज.

मिथुननं तोंड उघडलं. "सर, आज..."

"अष्टमीपासून," बेबीनंदा म्हणाली.

ती कधी उठून ओट्यापाशी आली ते राजानंदला दिसलंच नव्हतं. तिचा आवाज इतका हळू होता की पलीकडून "कोण बोलतंय?" असा प्रश्न आला.

"मी मिथुनची आई, साहेब. आमच्या घरानं पूर्वेच्या चराला पाइप लावला होता. वसाहतीला पाणी नव्हतं म्हणून. ते पाणी तुमच्या मोजणीत येत नव्हतं."

"वहिनी!" राजानंदच्या तोंडून निघालं.

"तुम्हाला अष्टमी कशी सांगता येते, मावशी?" अण्णासाहेब चिडले नव्हते, ते कान देऊन ऐकत होते, आणि तेच राजानंदला जास्त भीतीचं वाटलं.

"माझा उपोसथ असतो अष्टमीला, उपास. विहारातला रांजण मी भरते. टाकीत पडणारं पाइपाचं तोंड ओढून रांजणात धरायचं अन् त्रिशरण, पंचशील म्हणायचं. रोज पंचशील पुरं होतं, तेव्हा रांजण काठोकाठ येतो. सप्तमीला बी तसंच झालं. अष्टमीला पंचशिलाच्या दुसऱ्याच ओळीला भरून माझ्या पायावर सांडला. मी चुकले असंल म्हणून नवमीला पुन्हा म्हणून पाह्यलं. तेच. तेव्हापासून रोज तसंच हाय."

दुसरी ओळ कोणती, ते राजानंदला पाठ होतं. जे दिलेलं नाही ते मी घेणार नाही. ती आठ दिवस रोज त्याच ओळीवर थांबून पाइप बाजूला करत आली होती, आणि त्याला एका शब्दानं बोलली नव्हती.

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. "अष्टमी म्हणजे गेल्या आठवड्यातला गुरुवार. तेव्हा पाणी बारावर होतं." ते पुढं म्हणाले, "म्हणजे भोक बाराच्या खाली आहे. मी तेरावर थांबलो असतो."

*

पाइप राजानंदनंच उपसले. सव्वाअकराला तो, मिथुन आणि अण्णासाहेब पूर्वेच्या झाकणापाशी उभे होते. उन्हानं सिमेंट पोळत होतं. शेवटचा जोड सुटला, पाणी चरात धपकन पडलं आणि खाली खाचेकडे पळालं. मिथुन पट्टीपाशी वाकला.

"दहा सेंटिमीटर होतं सर. बारा... तेरा... साडेचौदा. स्थिर."

"लिही."

मिथुननं लिहिलं. मग मागची पानं उलटून एकेका शुक्रवारच्या 'पाहिले'वर बोट ठेवलं. "हे खोडू सर?"

"खोडायचं नाही. पुढं लिही, पाहिले नव्हते. सही कर."

पाच वेळा त्यानं ते लिहिलं. आपल्या पोरानं शाळेत कधी एक ओळ दोनदा लिहिली नव्हती, हे राजानंदला आठवलं आणि त्यानं तोंड फिरवलं.

"साहेब, पोराचा ह्याच्यात काय कसूर न्हाई. मी म्हणलो, बघितलं. त्यानं चुलत्यावर इश्वास ठेवला."

"विश्वास ठेवायला नोंदवही नसते, राजानंद," अण्णासाहेब म्हणाले. "उद्यापासून दोघांनी कामावर यायचं नाही. चौकशी होईल. पुढचं माझ्या हातात नाही." आणि मग त्याच दमात, "आज मात्र मला माणसं कमी आहेत. वाळू आणि खडी टाकायची आहे चराच्या तोंडावर. येतोस?"

"भोक बुजवायचं?"

"नाही. पाणी अडवलं तर ते दुसरीकडून फुटेल. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. आधी वाळू, वर बारीक खडी, वर मोठी."

राजानंदनं सदरा काढून झाकणावर ठेवला आणि फावडं उचललं. दुपारी दीड वाजता, कोणालाही नको असलेल्या वेळी, प्रकल्पानं वीज करायला घेतली. वरचं पाणी बोगद्यातून उतरू लागलं. दिवसाला एकच मीटर उतरवायचं होतं. भरभर उतरवलं तर बांधाची आतली भिजलेली बाजू ढासळते. चार दिवस, म्हणजे चार दिवस पहारा.

भोजनदान चुकलं नव्हतं. पावणेबाराला देवानंद गुरुजींनी खिरीचं पातेलं स्वतः उचलून विहारात नेलं होतं. वाढताना भन्तेजींनी पाणी मागितलं, तेव्हा बाटलीचं आणून दिलं.

*

चार वाजता टाकीपाशी बाया जमल्या. सुमेधाला बोलवायला कोणी आलं नाही; ती आपणच गेली. नळ उघडे होते आणि एकाही नळातून थेंब येत नव्हता.

"किसने बंद किया?" रहिमुन्निसानं विचारलं. टाकीसमोरच्या घराच्या दारात पोरगी झोळीत टाकून तिची सून शबनम उभी होती. "शबनमला बारा दिन बी न्हाई झाले. बाळतीण हाय. कपडे काय में धोऊं?"

"आमच्या घरानं बंद केलं, चाची."

"घ्या! लावलं बी तुम्हीच, बंद बी तुम्हीच," मागून रूपाली म्हणाली. "नवऱ्याची नोकरी वाचवायला असंल."

"त्यांची नोकरी गेल्यात जमा हाय. काकांची बी." सुमेधानं गाळाची घागर सोबत आणली होती, ती तिनं सगळ्यांसमोर आडवी केली. चिकण माती कट्ट्यावर हळूहळू पसरली. "हे बांधातनं येऊन राह्यलंय. आपल्या डोक्यावरच्या बांधातनं. आपण तुरटी फिरवून पीत होतो अन् तिकडं पट्टी हलत नव्हती. मीच तुम्हाला म्हणलं होतं, खुशाल भरा, कोणाचं काय जात न्हाई. ते चूक होतं."

"मंग आता?"

"चार दिवसांत तलाव उतरंल. पुढं दुरुस्ती. महिना लागंल, का सहा महिने, मला ठाऊक न्हाई."

ठाऊक नाही, हे शब्द बायांना रागावण्यापेक्षा जड गेले. रहिमुन्निसा कट्ट्यावर टेकली. रूपाली तेवढी अजून धुसफुसत होती. तेवढ्यात विहाराकडून बेबीनंदा आली. अष्टशीलामुळं दुपारनंतर पोटात अन्न नव्हतं. चेहरा उन्हानं काळवंडला होता. तिनं कमरेवर रिकामा हंडा घेतला होता.

"कुठं निघालात आत्याबाई?"

"गेटावर."

"तीन अर्ज दिलेत. काय झालं?"

"अर्ज दिले अन् आपण नेऊ लागलो. मंग त्यांनी उत्तर कशाला द्यावं?" ती थांबली नाही. "ज्याला यायचं त्यानं या. भांडाय न्हाई जायचं."

आधी सुमेधा निघाली. मग रहिमुन्निसा गुडघ्यावर हात देऊन उठली, सुनेच्या हातातली कळशी घेतली. रूपाली सगळ्यांत शेवटी आली, पण दोन हंडे घेऊन आली. प्रकल्पाचं गेट अर्ध्या कोसावर होतं. डांबर तापलं होतं आणि रिकामी भांडी चालताना एकमेकींवर वाजत होती.

गेटावर पहारेकरी भुजंग होता. बायांचा घोळका पाहून त्यानं दांडा आडवा केला.

"मावशी, आज कोणालाच आत सोडायचं न्हाई. वरनं हुकूम हाय."

"आत न्हाई यायचं आम्हाला, भुजंग. साहेबांला निरोप दे." बेबीनंदानं हंडा दांड्याच्या अलीकडे, रेघेवर ठेवावा तसा ठेवला. "म्हणावं, आजवर न विचारता नेलं, ते चुकलं. आता विचारायला आलो. बांध बरा झाला, पाणी निवळ झालं, की तुमचं मोजून झाल्यावर जे नाल्यात सोडता, ते आम्हाला द्या."

भुजंगनं मान खाजवली. "पण मावशी, मोजून झालेलं पाणी खाली जातं. तुमची टाकी वर हाय. ते चढायचं कसं?"

बेबीनंदानं सुनेकडे पाहिलं. सुमेधानं आपला हंडा सासूच्या हंड्याला लावून ठेवला.

"एकशे चाळीस मीटर चढवता ना रोज," ती म्हणाली. "आमचे चार मीटर चढवा म्हणावं."

भुजंग हसला नाही. त्यानं खिडकीतून वही ओढली, पेनाचं टोपण दातानं काढलं.

"कोणाच्या नावानं लिहू?"

"त्रेचाळीस घरं," बेबीनंदा म्हणाली, आणि तो लिहून होईपर्यंत उभी राहिली.